कुणाचं तरी करता आलं पाहिजे

निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, तेव्हा बायको मोरीत घसरून पडली. पाठीच्या मणक्याला मार लागला. आधी जालन्याला नेलं, तिथून संभाजीनगरला. ऑपरेशन झालं. दीड महिना दवाखान्यात काढून आम्ही अंबडला घरी आलो तेव्हा तिच्या कमरेखालची ताकद गेलेली होती. सुधारणा झाली तर हळूहळू होईल, न झाली तर असंच राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हात चांगले होते, बोलणं चांगलं होतं, आणि डोकं तर माझ्यापेक्षा बरं होतं.

लेक पुण्याहून येऊन पंधरा दिवस राहिली. तिची नोकरी, घरी लहान मूल. आमच्याकडेच चला म्हणाली, पण बायको तयार झाली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पडून राहण्यापेक्षा आपल्या गल्लीतला आवाज तरी कानावर पडेल, असं तिचं म्हणणं. मग लेक गेली आणि आम्ही दोघं उरलो.

मी भूगोलाचा मास्तर. वडीगोद्रीच्या शाळेत सव्वीस वर्षं नोकरी केली, रोज एसटीनं जाऊन-येऊन. सेवा म्हणतात ती कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. पण शिकलो. लघवीची पिशवी रिकामी करायला, हवेच्या गादीचा पंप तपासायला, अंग पुसून पाठ कोरडी करायला. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. त्यासाठी मोबाइलला गजर लावून ठेवला होता. एक बाई घर सारवल्यासारखं पुसून आणि पोळ्या लाटून जायची. अंगाची कामं करायला दुसरी बाई ठेवून पाहिली, तर बायकोला परका हात चालेना. आठ दिवसांत ती बाई काम सोडून गेली. राहिलो मी.

पुढच्या खोलीत पलंग टाकला होता. मी मागे असलो की तिला हाक मारायला त्रास पडू नये म्हणून उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. दोन वेळा वाजवलं की मी यायचं. ही युक्ती माझीच. पहिल्या महिन्यात मला त्या युक्तीचा अभिमान वाटायचा. चौथ्या महिन्यात तो आवाज न वाजताही ऐकू यायला लागला. आंघोळीला बसलो की ऐकू यायचा. भाजीला फोडणी टाकली की त्या चुरचुरीतून ऐकू यायचा. ओल्या अंगानं पळत पुढच्या खोलीत जायचो तर ती शांत पडलेली. "वाजवलं का?" विचारायचो. ती न्हाई म्हणायची आणि माझ्याकडे बघत राहायची.

सुरुवातीला पाहुणे आले, जुने सहकारी आले. सगळे जाताना मला बाजूला घेऊन एकच गोष्ट बोलायचे: सर, धन्य आहे तुमची, बाईमाणूससुद्धा एवढं करत नाही. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण एकदा धन्य ठरवल्यावर माणसाला कंटाळता येत नाही, ही गोष्ट उशिरा लक्षात आली. कुणापाशी म्हणावं की आज मला हे घर नको झालंय? ज्यांच्यापाशी म्हणता आलं असतं त्यांनीच तर मला देवमाणूस करून टाकलं होतं. नंतर येणारेही कमी झाले. मी मेडिकल आणि किराणा एवढ्यापुरता बाहेर पडायचो, तेही चप्पल घालता घालता घड्याळ बघत.

मला चक्कर यायला लागली होती. गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि गोळी सुरू केली. महिन्यानं गोळी वाढवली. तिसऱ्या खेपेला त्यांनी मीठ, झोप, चालणं वगैरे विचारून झाल्यावर घराबाहेर किती वेळ असता असं विचारलं. मी म्हटलं, तुमच्याकडे येतो तेवढा. ते हसले नाहीत. रोज एक तास बाहेर जा, गोळीपेक्षा त्याची गरज जास्त आहे, म्हणाले. मी बरं म्हणून उठलो. तो तास आणायचा कुठून, ते त्यांनी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

दुपारची वेळ होती. सकाळपासून चमचा कितीदा वाजला होता कुणास ठाऊक. पंखा कमी करा, पंखा वाढवा, पडदा ओढा, माशी बसली. मी जेवायला बसलो आणि पुन्हा वाजला. तिला पाणी हवं होतं. पाणी दिलं, आणि जाताना तो चमचा उचलून खिशात घातला. ती डोळे मिटून होती. मी मागे येऊन ताट पुढं ओढलं, पण जेवलो नाही. तसाच बसून राहिलो. घरात पहिल्यांदा इतकं शांत होतं. पंधरावीस मिनिटांनी पुढं गेलो तर तिच्या मानेखालची उशी सरकून हात पोचणार नाही अशी खाली पडली होती आणि मान एका बाजूला लोंबकळल्यासारखी झाली होती. चेहरा लाल. मी धावत उशी लावली, मान सरळ केली. हाक का नाही मारली म्हणून तिच्यावरच ओरडलो.

ती म्हणाली, "मला वाटलं तुमचा डोळा लागला आसंल. सकाळपासून बसले न्हाई तुम्ही."

खिशातला चमचा मला मांडीला टोचत होता. मी तो परत ठेवला, तिनं पाहिला की नाही माहीत नाही. मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथं उभा राहिलो. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

आमच्या समोरच्या घरात एक मारवाडी बाई राहतात. त्यांच्या घरच्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे, तीन-चार पिढ्या अंबडातच गेल्या. वय सत्तरीला आलेलं, यजमान गेलेले, मुलगा-सून दिवसभर दुकानात. सगळी गल्ली त्यांना भाभी म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. आमचं त्यांच्याशी येणं-जाणं बेताचंच होतं. दिवाळीला फराळाचं ताट जायचं-यायचं एवढं.

चमच्याच्या प्रकारानंतर चार-पाच दिवसांनी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. जरा संकोचल्यासारख्या. त्यांचा टीव्ही बिघडला होता, दुरुस्त करणारा आज येतो उद्या येतो करत होता, आणि चार वाजताची त्यांची मालिका बुडत होती. ताईंची हरकत नसेल तर एक तास इथं बसून बघितली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. मला नव्हे, बायकोला विचारलं. बायकोनं ताबडतोब खुर्ची पुढं घ्यायला सांगितली आणि मला चहा टाकायला पिटाळलं. तिच्या आवाजात मला पूर्वीची घरधनीण ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी भाभी पुन्हा आल्या. मी खोलीत घुटमळत होतो, तर त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही उभे राहून राहून कायले थकता? मी बैठी आहे ना. जाऊन या कुठं जायचं ते."

कुठं जायचं? मी रस्त्यावर आलो आणि मला काही सुचेना. मित्रांकडे गेलो तर पुन्हा तीच चौकशी, तेच धन्य आहे. कोर्टापर्यंत गेलो, परत फिरलो. मग पाय आपोआप बसस्टँडकडे वळले. सव्वीस वर्षांची सवय. एका सिमेंटच्या बाकावर जाऊन बसलो. गाड्या येत होत्या, जात होत्या. स्पीकरवरून कुणीतरी काहीतरी पुकारत होतं आणि नेहमीप्रमाणे ते कुणालाच कळत नव्हतं.

डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका म्हातारीनं मला विचारलं, ही गाडी वडीगोद्रीला जाती का? मी न बघताच सांगितलं की ही नाही, मागे लागलीय ती, आणि गाठोडं उचलून त्या गाडीपर्यंत तिच्याबरोबर गेलो. ती खिडकीशी बसली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी गेली. मी बाकावर येऊन बसलो तर खांदे हलके झालेले. एवढीशी गोष्ट, पण कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा पोटापर्यंत श्वास घेतला असं वाटलं.

मग मी रोज चार वाजता जायला लागलो. ज्यांना पाटी वाचता येत नाही, ज्यांचा चष्मा घरी राहिला, जे नुसते गोंधळलेत, त्यांना गाड्या सांगायच्या. कुणाची पिशवी वर चढवायची, कुणाला हात द्यायचा. चौकशीच्या खिडकीतला माणूस मला ओळखायला लागला. काहींना तर तोच माझ्याकडे पाठवायचा.

एक गोष्ट मात्र मला आत कुरतडायची. पाण्याचा पेला मी घरी द्यायचो आणि तसाच स्टँडवर एखाद्या म्हाताऱ्याला द्यायचो. घरी देताना माझ्या कपाळाची शीर उडायची आणि इथं देताना बरं वाटायचं. असं का? मी बायकोवर माया करत नाही की काय? पुष्कळ दिवस विचार करून मला एवढंच उमगलं की स्टँडवरच्या माणसाची गाडी येते आणि तो जातो. त्याचं करून संपतं. घरचं संपत नाही. ज्याला शेवट नाही असं चांगुलपणाचं काम माणसाच्या छातीवर बसतं. हे उमगल्यानं काही सुटलं नाही. पाच वाजले की मी घराच्या दिशेनं चालायला लागायचो आणि आमची गल्ली दिसली की छाती पुन्हा आवळायची.

डॉक्टरांनी बीपी पाहिलं तर थोडं उतरलं होतं. मी त्यांना सांगितलं की फिरायला जातो. स्टँडवर गाड्या सांगत बसतो हे सांगायची लाज वाटली.

याच दिवसांत भाभींनी एकदा एक साडी आणली. सुनेची नवी साडी, तिला फॉल लावायचा होता. बायको पडायच्या आधी घरी शिवणकाम करायची. मशीन पायाचं, त्यामुळे ते आता कोपऱ्यात चादर पांघरून बसलेलं. पण फॉल हातानंच लावतात. भाभींनी साडी पलंगावर ठेवली आणि मी तिथंच होतो, मी ती उचलून परत त्यांच्या हातात दिली. म्हटलं, भाभी, तिला झेपायचं नाही, मान दुखते, सुई टोचली तर पुन्हा नसता ताप. भाभी बायकोकडे पाहत राहिल्या. बायको भिंतीकडे पाहत होती. भाभी साडी घेऊन गेल्या. मी काळजीपोटीच केलं, असं मला वाटलं.

त्यानंतर ती कमी बोलायला लागली. चमचाही कमी वाजायचा. झोपेची गोळी घेऊनही ती छताकडे बघत असायची. पाठीवर एक जागा लाल दिसायला लागली, ड्रेसिंग सुरू झालं. खाणं निम्म्यावर आलं. मी लेकीला फोनवर सांगायचो की सगळं वेळेवर करतोय, काही कमी पडू देत नाही. ते खरंच होतं.

एके दिवशी स्टँडवर एक म्हातारा बीडच्या गाडीत बसलेला दिसला. हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा. दोनदा विचारलं तेव्हा कळलं की त्याला वाटूरला, म्हणजे अगदी उलट दिशेला जायचंय. इथल्या डॉक्टरकडे लेकानं पाठवलं होतं आणि परतीचं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. गाडी सुटायच्या बेतात होती. त्याला खाली उतरवलं. आता जालन्याला जाऊन मंठ्याकडची गाडी धरायची, तीच वाटूरला थांबते, हे त्याला तीनदा सांगितलं. चिठ्ठीवर लिहून दिलं. जालन्याची गाडी उशिरा आली. कंडक्टरला विनवून सांगितलं की बाबांना तिथं गाडी दाखवून द्या. गाडी हलली आणि मी घड्याळ पाहिलं. पावणेसहा.

मी अक्षरशः पळत घरी आलो. कूस बदलायची वेळ पाऊण तास मागे गेलेली. भाभी अजून बसून होत्या. त्यांना एकटीला बायकोला वळवता येत नव्हतं, म्हणून पाठीखाली उशा खोचून त्यांनी कसंबसं निभावलं होतं. मी त्यांची माफी मागितली, त्या हात हलवून निघून गेल्या. बायकोला वळवलं, पाठ पाहिली. ती ओरडेल म्हणून मी वाट पाहत होतो.

तिनं फक्त विचारलं की काय झालं. मी स्टँडचं तिला कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. म्हातारा, लिफाफा, बीडची गाडी, चिठ्ठी. ती मान वळवून ऐकत होती. पडल्यापासून आमच्यात औषध, जेवण आणि पिशवी याशिवाय बोलणं उरलं नव्हतं.

"पोचले का मंग ते?" तिनं विचारलं.

"काय माहीत."

तिनं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तुम्हाला तिथं जाऊन बरं वाटतं. तोंडावरच दिसून राह्यलं."

मला चोरी पकडल्यासारखं झालं. मी काहीतरी सारवासारव करायला लागलो, की एक तासच जातो, तुझं काही अडू देत नाही.

"माझं काहीच अडत न्हाई," ती म्हणाली. "तेच तर. तुम्ही माझं सगळं करून राह्यले. मला मात्र कुणाचंच काही करू देत न्हाई. एक साडी आली होती, तीबी तुम्ही वापस दिली. मी काय नुसतं घेतच मरायचं का?"

आवाज चढलेला नव्हता. मी पलंगाच्या कडेला बसलो. मी कोंडला गेलोय, मी कोंडला गेलोय, असं इतके दिवस मी मनात घोकत होतो, आणि जी खरोखर त्या चार पायांच्या पलंगावर कोंडलेली होती तिच्या दाराची कडी मीच बाहेरून लावत होतो. आणि लोक मला धन्य म्हणत होते.

मी तसाच उठून समोर गेलो. भाभींना साडी मागायची होती. दार लोटलेलं होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, मोठा आणि स्वच्छ. भाभींनी मला पाहिलं आणि रिमोटनं घाईघाईनं बंद केला. दुरुस्त झाला का, असं मी विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं. मी विचारलं नाही. साडी राहिलीय का, एवढंच विचारलं. त्यांनी दोन आणून दिल्या.

पहिला फॉल लावायला तिला चार दिवस लागले. कुशीवर वळून, छातीशी उशी घेऊन, एका वेळी वीतभर. टाके वाकडे पडले म्हणून तिनं निम्मा उसवला. मी सुई ओवून देत होतो, तर मला हटकलं. तिला दिसतं, तिला येतं. पाचव्या दिवशी भाभींनी साडी उलटसुलट करून पाहिली आणि एका जागी टाका सैल आहे म्हणून दाखवला. दुसऱ्या कुणी नुसतं छान म्हटलं असतं. बायको खूश झाली, कारण भाभींनी ती साडी खरोखर तपासली होती.

मग गल्लीतल्या बाया साड्या घेऊन यायला लागल्या. हूक लावायचे ब्लाउज आले. बाया बसायच्या, बोलायच्या, आपापल्या घरची गाऱ्हाणी सांगायच्या, आणि बायको त्यांना सल्ला द्यायची, बऱ्याचदा चुकीचा. झोपेची गोळी अर्ध्यावर आली. पाठीवरची जागा भरून यायला वेळ लागला, पण भरली. तिचे पाय मात्र तसेच आहेत. खोटी आशा मी कुणाला देणार नाही: दोन तासांचा गजर अजून आहे, पिशवी अजून आहे, आणि असे दिवस येतात की आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायलाही कंटाळतो. माझी गोळीही सुटलेली नाही. डॉक्टर म्हणतात, आहे हे टिकलं तरी पुष्कळ.

मागच्या महिन्यात भाभी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जालन्याला लेकीकडे गेल्या. माझा तास बुडाला. पहिले दोन दिवस मी समजूतदारपणा दाखवला. तिसऱ्या दिवशी चार वाजता मी खिडकीचे गज धरून उभा होतो, ते माझं मलाच कळलं नाही. तळव्यांना गंज लागला तेव्हा कळलं.

मागून ती म्हणाली, "जा तुम्ही. मी राहते एकटी."

मी नाही म्हटलं. उशी सरकली तर? पिशवी भरली तर?

"पिशवी आत्ताच रिकामी केली. दार उघडं ठेवा. गल्लीतून कुणी ना कुणी जातंच, मी हाक मारीन. मोबाइल हाताशी आहे." आणि मी हललो नाही तसं तिनं हातातला ब्लाउज खाली ठेवला. "मला तुमच्यासाठी एवढं करू द्या ना हो."

मी चप्पल घातली. दार सताड उघडं ठेवलं. गल्लीच्या टोकापर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं. स्टँडवर बसलो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एका बाईला घनसावंगीची गाडी दाखवली, ती दाखवतानाही कान घराकडे. वीस मिनिटांत परत फिरलो.

घरी आलो तर पलंगाशेजारी दोन बाया बसल्या होत्या आणि बायको त्यांना फॉलचं कापड आधी पाण्यातून का काढायचं ते समजावून सांगत होती. मला दारात पाहून तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"तास पुरा करायचा होता," ती म्हणाली, आणि बायांकडे वळून पुढचं सांगायला लागली. मी आत आलो. मग तिच्या मानेखालची उशी थोडी वर घेतली आणि पुन्हा बाहेर पडलो.